शेंगेनमधल्या विमानात पासपोर्ट कोण मागतं आणि कशासाठी

प्रश्न शेंगेनचा, म्हणजे आपापसातल्या सीमांवरच्या तपासण्या उठवलेल्या युरोपीय देशांच्या क्षेत्राचा, आणि थोडक्यात असा आहे. म्युनिकमध्ये नोकरी करणारा एक मराठी मुलगा, त्याला भेटायला पुण्याहून आलेले आईवडील आणि तिघांची लिस्बनची सहल. जाताना म्युनिकला कोणी पासपोर्टचं नावसुद्धा काढलं नाही. परतताना मात्र लिस्बनच्या गेटवर तिघांकडे ओळखपत्र मागितलं. आईवडिलांकडे पासपोर्ट होते. मुलाकडे फक्त जर्मन निवास परवान्याचं कार्ड होतं आणि पासपोर्ट म्युनिकच्या घरी कपाटात. त्याला विमानात घेतलं नाही. आता तो विचारतो, ‘शेंगेनमध्ये सीमाच नाही, मग पासपोर्ट मागायचा अधिकार यांना दिला कोणी? आणि मला भरपाई मिळेल का?’

भरपाई बहुधा मिळणार नाही. त्याचं कारण पुढे येईलच. पण त्याच्या पहिल्या प्रश्नात दम आहे आणि त्याचं नीट उत्तर फार कमी लोक देतात. मी जर्मनीतल्या एका विमानतळावर चेक-इन आणि गेट अशा दोन्ही ठिकाणी अनेक वर्षं काम केलं आणि आता नव्या कर्मचाऱ्यांना कागदपत्रं तपासायला शिकवते. भारतीय प्रवासी या एकाच गैरसमजामुळे अडकलेले मी सतत बघत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सीमेबद्दल. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या गावी पाच देशांनी करार केला आणि प्रत्यक्ष तपासण्या उठल्या त्या २६ मार्च १९९५ पासून, सात देशांत. आज या क्षेत्रात २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रुमानिया सर्वांत नवे: विमान आणि जहाजांसाठी ३१ मार्च २०२४ पासून, रस्ता आणि रेल्वेसाठी १ जानेवारी २०२५ पासून. या सगळ्याचा गाभा शेंगेन सीमा संहितेच्या २२व्या कलमात आहे. अंतर्गत सीमा कुठूनही ओलांडता येते, तिथे व्यक्तींची सीमा-तपासणी होत नाही आणि माणसाचं राष्ट्रीयत्व कोणतंही असो, हे लागू आहे. शेवटचा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा. ही सवलत फक्त युरोपीय नागरिकांना आहे असं अनेकांना वाटतं, तसं अजिबात नाही. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे लिस्बनला गेलात तर इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं. लिस्बनला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे सरळ बाहेर पडता, भारतीय पासपोर्ट असला तरी.

मात्र त्याच्या पुढचं, २३वं कलम कोणी वाचत नाही. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की सीमा-तपासणी नसली तरी काही गोष्टी चालू राहू शकतात. पोलिसांना आपल्या देशात कुठेही असतात ते अधिकार सीमेजवळही असतात, फक्त त्यांचा परिणाम सीमा-तपासणीसारखा होता कामा नये. विमानतळ किंवा विमानकंपनी सुरक्षेसाठी तपासणी करू शकते, अट एवढीच की तशीच तपासणी देशांतर्गत प्रवाशांचीही होत असावी. आणि कागदपत्रं जवळ बाळगण्याची सक्ती एखाद्या देशाचा कायदा करत असेल, तर ती करू शकतो. तपासणी उठली, कागद बाळगण्याचं बंधन उठलं नाही. या मुलाचा घोटाळा नेमका इथे झाला.

आपल्याकडे विमानतळाच्या दारातच सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो. त्यामुळे युरोपात कोणीच काही बघत नाही हे पाहिलं की आपल्याला वाटतं, इथे कागद लागतच नाहीत. युरोपातल्या सुरक्षा तपासणीत साधारणपणे फक्त बोर्डिंग पास स्कॅन होतो आणि सामान, अंग तपासलं जातं. तुम्ही कोण आहात याच्याशी त्या माणसाला देणंघेणं नसतं, तुमच्या बॅगेत काय आहे याच्याशी असतं.

मग गेटवर ओळखपत्र कोण मागतं? बहुतेक वेळा विमानकंपनी, आणि तिची कारणं तिची स्वतःची असतात. तिकीट ज्याच्या नावावर आहे तोच माणूस बसतोय का, हे तिला बघायचं असतं, नाहीतर स्वस्तात घेतलेली तिकिटं दुसऱ्याला विकली जातात. एसटीचा कंडक्टर ज्येष्ठांच्या सवलतीसाठी आधार कार्ड बघतो, त्या जातीची ही तपासणी आहे. कंडक्टर काही पोलीस नसतो. याशिवाय काही देशांनी बोर्डिंग पासवरचं नाव ओळखपत्राशी जुळवण्याची जबाबदारी कायद्यानेच कंपन्यांवर टाकली आहे. म्हणून एकाच कंपनीच्या विमानात म्युनिकला कोणी विचारत नाही आणि परतीच्या वाटेवर प्रत्येकाला विचारतात. यात कोणाची लहर नसते. नियम निघण्याच्या विमानतळाप्रमाणे आणि कंपनीच्या वाहतूक-अटींप्रमाणे बदलतो. तिकीट काढताना आपण ज्या अटींवर न वाचता टिचकी मारतो, त्यांत ‘वैध प्रवास-दस्तऐवज जवळ ठेवणं ही प्रवाशाची जबाबदारी’ हे वाक्य जवळजवळ नेहमी असतं.

इथे एक भेद कळला पाहिजे. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. ‘तू तोच का?’ हा एक प्रश्न आणि ‘तुला त्या देशात जायचा हक्क आहे का?’ हा अगदी वेगळा प्रश्न. पहिला कंपनी विचारू शकते. दुसरा शेंगेनच्या आत विचारायला सरकार तिला भाग पाडू शकत नाही. १३ डिसेंबर २०१८ रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे सांगितलं. जर्मन पोलिसांनी दोन बस कंपन्यांना बजावलं होतं की शेजारच्या शेंगेन देशांतून जर्मनीत येणाऱ्या प्रवाशांचे पासपोर्ट आणि निवास परवाने चढतानाच तपासा, नाहीतर दंड भरा. न्यायालय म्हणालं, हे चालणार नाही, कारण याचा परिणाम सीमा-तपासणीसारखाच आहे. सरकारने स्वतः जे करायचं नाही असं ठरवलं, ते ड्रायव्हरकडून करून घेता येणार नाही. निकाल बसचा असला तरी त्यामागचं सूत्र विमानालाही तेवढंच लागू पडतं असं मी मानते.

बाहेरच्या सीमेवर हे उलट आहे. मुंबईहून येणाऱ्या विमानात व्हिसा नसलेला माणूस बसवला तर कंपनीला दर माणशी हजारो युरोंचा दंड होतो. त्यामुळे मुंबईच्या काउंटरवरची मुलगी तुमचा व्हिसा डोळ्यांत तेल घालून बघते. गेटवरचा कर्मचारी दिवसातून दोन्ही प्रकारची विमानं हाताळतो आणि बाहेरच्या विमानाची सवय आतल्या विमानाला लावतो. भारतीय पासपोर्ट दिसला की व्हिसाचं पान उलगडायला लागतो. काही कंपन्या तर बिगर-युरोपीय प्रवाशांची कागदपत्रं वेगळ्या काउंटरवर तपासायचा नियमच ठेवतात. मला हे पटत नाही आणि मी शिकवताना तसं सांगतेही. रांगेत सगळ्यांना ओळखपत्र विचारत असाल तर खुशाल विचारा. पण फक्त गव्हाळ चेहरा दिसला म्हणून थांबवत असाल, तर ते चुकीचं आहे. तुमच्याबाबतीत असं झालं तर तिथे आवाज न चढवता ‘हा नियम सगळ्यांना आहे का, कुठे लिहिला आहे?’ एवढं विचारा, वेळ आणि गेट क्रमांक टिपून ठेवा आणि कंपनीकडे लेखी तक्रार करा. जर्मनीत भेदभावाच्या तक्रारींसाठी केंद्रीय कार्यालय आहे, तिथेही कळवता येतं.

आता या मुलाचं कार्ड. जर्मन निवास परवान्यावर इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. हा हक्क १९९० च्या शेंगेन अंमलबजावणी कराराच्या २१व्या कलमातून येतो आणि त्या कलमातच अट आहे: परवाना आणि वैध प्रवास-दस्तऐवज, दोन्ही. कार्ड एकटं पुरत नाही. कार्डावर फोटो, नाव, बोटांचे ठसे सगळं असलं तरी ते प्रवास-दस्तऐवज नाही. म्हणजे कंपनीने अडवलं नसतं आणि पोर्तुगालमध्ये रस्त्यावर पोलिसांनी विचारलं असतं, तरी तो अडचणीतच होता. ओळख पटवायला कार्ड पुरेसं होतं असा युक्तिवाद करता येईल. पण कंपनीच्या अटींत पासपोर्ट लिहिलेला असेल आणि कायद्यालाही पासपोर्टच हवा असेल, तर त्या युक्तिवादाला पाय उरत नाहीत.

हे बंधन फक्त आपल्यासारख्यांवर आहे असंही समजू नका. २०१५ मध्ये फिनलंडचा एक नागरिक आपल्या बोटीने एस्टोनियाला जाऊन परत आला. पासपोर्ट वैध होता, पण सोबत नव्हता. फिनलंडमध्ये दंड उत्पन्नावर ठरतो आणि या गृहस्थांचं उत्पन्न दांडगं, त्यामुळे हिशेबाने दंड ९५,२५० युरोंवर गेला. खालच्या न्यायालयांनी शिक्षा दिली नाही, तरी तत्त्वाचा प्रश्न युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये निकाल आला की कागद बाळगण्याची सक्ती करता येते, मोडल्यास शिक्षाही करता येते, पण ती अपराधाच्या मानाने असली पाहिजे आणि इतका दंड तसा नाही.

नुकतेच आलेले विद्यार्थी विचारतात, कार्ड अजून हातात नाही, पासपोर्टवर फक्त ‘डी’ व्हिसा आहे, फिरता येईल का? येईल. २०१० पासून दीर्घ मुदतीच्या राष्ट्रीय व्हिसावरही तोच ९० दिवसांचा हक्क आहे. अवघड प्रकरण असतं ते परवाना संपून नवीन कार्ड यायचं असतं तेव्हा मिळणाऱ्या जर्मन तात्पुरत्या कागदाचं, ज्याला इथे ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ म्हणतात. त्यावर कोणत्या चौकटीत खूण आहे ते आधी बघा. जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१ परिच्छेद ४ ची खूण असेल तर जुन्या परवान्यासोबत जर्मनीत परत येता येतं, परिच्छेद ३ ची असेल तर येत नाही. आणि खूण बरोबर असली तरी दुसऱ्या देशातल्या गेटवरच्या माणसाने तो हिरवट कागद आयुष्यात पाहिलेला नसतो. सहल पुढे ढकलता येत असेल तर ढकला.

आईवडिलांच्या पर्यटक व्हिसाबाबत मला जास्त काळजी वाटते, कारण तिथे चूक झाली तर सहल नाही, परतीचा रस्ता बंद होतो. एकदा प्रवेशाचा व्हिसा असेल तर शेंगेनबाहेर पाऊल टाकलं की तो संपला. लंडन बाहेर आहे हे सगळ्यांना माहीत असतं. डब्लिन बाहेर आहे हे पुष्कळांना माहीत नसतं, कारण आयर्लंड युरोपीय संघात आहे आणि तिथे युरोच चालतो. सायप्रसचंही तसंच. उलट स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. खरा फास मात्र ‘देशांतर्गत’ वाटणाऱ्या विमानांत आहे. ऑस्लोहून लाँगइयरब्येनला जाणारं विमान नॉर्वेतून नॉर्वेतच जातं, पण ते गाव ज्या स्वालबार्ड बेटांवर आहे ती शेंगेनमध्ये नाहीत. जाताना पासपोर्ट तपासला जातो आणि परत मुख्य भूमीवर यायला दुसरा प्रवेश लागतो. ध्रुवीय अस्वलांच्या ओढीने निघालेल्या आईवडिलांकडे एकदा प्रवेशाचा व्हिसा असेल, तर त्यांनी जाऊच नये. कोपनहेगनहून फॅरो बेटांना जायचं असेल तर व्हिसावर त्या बेटांचा वेगळा उल्लेख लागतो. पॅरिसहून ग्वादलूप किंवा रेयुनियनला जाणारं विमान फ्रान्सच्या दृष्टीने देशांतर्गत, पण शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. कॅनरी बेटं, मदेइरा आणि अझोर्स मात्र शेंगेनमध्येच आहेत, तिथे निर्धास्त जा.

व्हिसाच्या स्टिकरवर ‘कोणत्या देशांसाठी वैध’ ही ओळ जरूर वाचा. कधीकधी एखाददोन देशांपुरताच मर्यादित व्हिसा दिलेला असतो. आतल्या विमानात तो कोणी बघणार नाही कदाचित, पण तुम्ही उतरताक्षणी बेकायदा झालेले असता. आणखी एक बदल झाला आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या सीमेवर शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पूर्वी रस्त्यात पोलिसाने विचारलं की पासपोर्टवरचा शिक्का दाखवून ‘अमुक तारखेला आलो’ म्हणता यायचं. आता पानावर शिक्का नसू शकतो. म्हणून मुंबईहून आलेल्या विमानाचा बोर्डिंग पास आणि परतीचं तिकीट आईवडिलांनी सहल संपेपर्यंत सांभाळावं.

कधीकधी विमानातून उतरताना दाराशी किंवा पुलाच्या टोकाला पोलीस उभे दिसतात. ते कंपनीचे नसतात, तिथे प्रश्न वेगळा असतो. गंभीर धोका असेल तर देश तात्पुरती सीमा-तपासणी पुन्हा सुरू करू शकतो आणि विमानांनाही लावू शकतो. फ्रान्सने ती नोव्हेंबर २०१५ पासून पुनःपुन्हा वाढवत नेली आहे. जर्मनीने नोव्हेंबर २०१७ पासून काही काळ ग्रीसहून येणाऱ्या विमानांची तपासणी केली. बेटांवरून सुट्टी घालवून येणारे लोक त्यामुळे चक्रावून जात. ‘तात्पुरती’ किती काळ, यावरही युरोपीय न्यायालयाचा २६ एप्रिल २०२२ चा निकाल आहे: ऑस्ट्रियाने स्लोव्हेनियाच्या सीमेवर सहा महिन्यांच्या मुदतीनंतर, नवा धोका न दाखवता, जुनीच कारणं पुढे करत तपासणी चालू ठेवली, ती नियमाबाहेरची ठरली. हे निकाल मोलाचे आहेत, पण पोलिसासमोर उभं राहून ते ऐकवायची जागा ती नव्हे. पासपोर्ट दाखवा, जायचंय तिथे जा. शंका असेल तर नंतर वकिलाकडे.

आता खास आपल्या नावांबद्दल, कारण आतल्या विमानात जी एकमेव तपासणी होते ती नावाची, आणि मराठी नावं तिथे हमखास अडकतात. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा एकाच रकान्यात येतं, आडनाव वेगळ्या. कंपनीच्या संकेतस्थळावर मधल्या नावाची जागा नसते, म्हणून कोणी ते गाळतं, कोणी पहिल्याला जोडतं. बोर्डिंग पासवर सगळं सलग छापलं जातं आणि शेवटी ‘मिसेस’ चिकटतं ते वेगळंच. बहुतेक कर्मचारी पहिलं नाव आणि आडनाव जुळलं की सोडतात. अडचण येते ती लग्नाआधीचं आडनाव पासपोर्टवर आणि लग्नानंतरचं तिकिटावर असतं तेव्हा. मुलाने आईचं तिकीट काढताना घरातलं आडनाव टाकलेलं असतं, पासपोर्ट उघडून पाहिलेला नसतो. विवाह प्रमाणपत्र दाखवून गेटवर काम होईलच असं नाही. तिकीट काढताना पासपोर्टच्या खालच्या दोन यंत्रवाचनीय ओळी समोर ठेवा आणि तिथे आहे तसंच अक्षर न अक्षर भरा. चूक झालीच तर विमानतळावर येण्याआधी कंपनीला कळवा. किरकोळ दुरुस्ती आधी कळवली तर सहसा होते, गेटवर पंधरा मिनिटं उरलेली असताना होत नाही.

आधार कार्डाला इथे कोणी ओळखत नाही. मोबाईलमधला पासपोर्टचा फोटो पासपोर्ट चोरीला गेला तर पोलिसात आणि वकिलातीत कामाला येतो, गेटवर नाही. जर्मनीत जन्मलेल्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट हवा. जन्मदाखल्यावर त्याला रोमला नेता येत नाही. आणि पासपोर्ट खरोखरच हरवला, तर भारतीय वकिलात जे आपत्कालीन प्रमाणपत्र देते ते भारतात परतण्यापुरतं असतं, म्युनिकच्या घरी जाण्यासाठी नाही. या मुलाने घरमित्राकडून पासपोर्ट मागवून घेतला आणि मग निघाला, हेच योग्य झालं.

राहिला भरपाईचा मुद्दा. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमाखाली विमानात घ्यायला नकार दिला तर म्युनिक–लिस्बन इतक्या अंतराला ४०० युरो मिळतात. पण प्रवास-दस्तऐवज अपुरे असणं हे नकाराचं वाजवी कारण त्याच नियमात मान्य केलेलं आहे. पासपोर्ट नसताना या दाव्यात यश येईल असं मला वाटत नाही. मात्र कागद पुरेसे असताना कंपनीने चुकून अडवलं तर गोष्ट वेगळी. लार्नाकाहून बुखारेस्टला निघालेल्या एका कझाक प्रवाशाच्या खटल्यात, ३० एप्रिल २०२० रोजी, युरोपीय न्यायालयाने म्हटलं की कंपनीने कागद अपुरे ठरवले एवढ्यावर प्रवाशाचा हक्क जात नाही, ते खरोखर अपुरे होते का हे न्यायालय तपासेल. म्हणून पासपोर्ट आणि परवाना दोन्ही हातात असताना कोणी अडवलं, तर नकाराचं कारण लेखी मागा. कंपनीची माणसं देत नसतील तर तिथेच उभं राहून कंपनीला ईमेल करा, त्यात उड्डाण क्रमांक, वेळ आणि सांगितलेलं कारण त्यांच्याच शब्दांत लिहा, दाखवलेल्या दोन्ही कागदांचे फोटो जोडा आणि न वापरलेला बोर्डिंग पास टाकून देऊ नका.